नवं लिनक्स टाकण्याआधी डिस्कवरचं जुनं एलव्हीएम कसं काढायचं

गावातल्या अभ्यासिकेत, सेवा केंद्रात किंवा शाळेच्या खोलीत जे संगणक येतात, ते बहुतेक कुठल्या तरी कार्यालयातून निघालेले असतात. नागपूर-अमरावतीहून जुन्या भावात आणलेले असोत की कोणी देणगी दिलेले, आतली डिस्क क्वचितच कोरी असते. त्यावर बऱ्याचदा सेंटओएस ७ हे जुनं लिनक्स सापडतं. त्याचे अपडेट ३० जून २०२४ ला बंद झाले, म्हणून ते काढून मिंट, डेबियन किंवा फेडोरा टाकायचं ठरतं. पेन ड्राइव्ह लावला, इन्स्टॉलर सुरू केला, की तो म्हणतो जागाच नाही. मग फोन येतो, ‘भाऊ, पाचशे जीबीची डिस्क हाये, मंग जागा कुठी गेली?’

जागा कुठेही गेलेली नसते. ती एलव्हीएमच्या, म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर या डिस्कची जागा वाटून देणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेच्या, ताब्यात असते. ती सोडवायचा एक ठरलेला क्रम आहे आणि तो पाळला तर हे काम चहा गार व्हायच्या आत होतं. क्रम मोडला की तासन्‌तास ‘डिव्हाइस बिझी’ वाचत बसावं लागतं. खरा वेळ काढण्यात जात नाही. काय काढतोय हे नीट पाहण्यात जातो, आणि तो तिथेच गेला पाहिजे.

आधी एक सूचना. आज्ञा मी देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या, आकडेही इंग्रजीच. पीव्ही (फिजिकल व्हॉल्यूम), व्हीजी (व्हॉल्यूम ग्रुप), एलव्ही (लॉजिकल व्हॉल्यूम) ही दोन-दोन अक्षरं आहेत आणि पुढचा शब्द त्यांना चिकटवून लिहायचा: एलव्हीरिमूव्ह सलग, मध्ये जागा नाही. ‘सुडो’ म्हणजे ती आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवणं. ‘डेव्ह’ म्हणजे डी-ई-व्ही. ‘एसडीए’ म्हणजे पहिली डिस्क आणि ‘एसडीए२’ म्हणजे तिचं दुसरं पार्टिशन. एनव्हीएमई डिस्क असेल तर नावं वेगळी दिसतील, पण रीत तीच.

एलव्हीएम नेमकं करतं काय

लिनक्ससाठीचं पहिलं एलव्हीएम हाइन्झ माउल्सहागेन यांनी १९९८ मध्ये लिहिलं. त्याची घडण एचपी-यूएक्समधल्या व्हॉल्यूम मॅनेजरवरून घेतलेली होती. रचना तीन थरांची. सर्वांत खाली फिजिकल व्हॉल्यूम, म्हणजे एलव्हीएमच्या हवाली केलेलं पार्टिशन किंवा अख्खी डिस्क. अशी एक किंवा अनेक फिजिकल व्हॉल्यूम मिळून व्हॉल्यूम ग्रुप होतो. त्या ग्रुपमधून हवे तेवढे लॉजिकल व्हॉल्यूम कापून काढायचे: एक रूटला (मूळ सिस्टिम), एक होमला (वापरकर्त्यांच्या फाइली), एक स्वॅपला (रॅम कमी पडली तर लागणारी जागा). ग्रुपमधली जागा एक्स्टेंट नावाच्या तुकड्यांत मोजतात आणि मुद्दाम बदललं नसेल तर एक तुकडा ४ एमआयबीचा असतो.

लागून असलेली दोन-तीन वावरं सामायिक केली, जुने धुरे मोडले आणि कापूस, तूर, सोयाबीन यांच्यासाठी नवे धुरे टाकले, असं समजा. उद्या धुरा मोडला म्हणून सातबारावरची नोंद आपोआप बदलत नाही, ती वेगळी काढावी लागते. एलव्हीएमची नोंद प्रत्येक फिजिकल व्हॉल्यूमच्या अगदी सुरुवातीला असते. सहसा दुसऱ्या सेक्टरवर लेबल असतं आणि त्याच्या मागोमाग, पहिल्या एका एमआयबीच्या आत, सगळी मांडणी साध्या मजकुरात लिहिलेली असते.

नुसतं पार्टिशन उडवून भागत नाही ते यामुळेच. पार्टिशन टेबलातली ओळ गेली तरी लेबल जागच्या जागी राहतं. त्याच सेक्टरपासून नवं पार्टिशन सुरू केलं की जुना ग्रुप पुन्हा हजर, आणि नवं पार्टिशन तर तुम्ही मोकळं समजून चालले असता. दुसरी गोष्ट, लाइव्ह सिस्टिम, म्हणजे पेन ड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स, सुरू होतानाच बऱ्याचदा जुने लॉजिकल व्हॉल्यूम आपणहून चालू करून ठेवते. ते चालू असेपर्यंत कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, खालचं पार्टिशन सोडत नाही. जीपार्टेड या पार्टिशन करायच्या प्रोग्राममध्ये त्या पार्टिशनपुढे कुलपाचं चिन्ह दिसतं ते याच कारणाने.

म्हणून बांधताना खालून वर आणि काढताना वरून खाली: आधी लॉजिकल व्हॉल्यूम, मग ग्रुप, मग फिजिकल व्हॉल्यूम, शेवटी पार्टिशन.

काढायलाच हवं का?

हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. डिस्क एकच आहे, तीवर ठेवण्यासारखं काही नाही आणि नवं लिनक्स अख्ख्या डिस्कवर टाकायचं आहे, तर इन्स्टॉलरचा ‘पूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय आधी वापरून पाहा. फेडोराचा इन्स्टॉलर जुनं एलव्हीएम व्यवस्थित ओळखतो आणि काढतो. डेबियनचा इन्स्टॉलर जुनी लॉजिकल व्हॉल्यूमची माहिती काढू का, असं विचारतो. अशा वेळी हाताने आज्ञा देत बसणं ही हौस झाली.

हाताने काढायची वेळ तीन प्रसंगी येते. एक, त्याच डिस्कवर विंडोज किंवा दुसरं काही आहे आणि ते ठेवायचं आहे. दोन, इन्स्टॉलर अडतो. तीन, यंत्रात दोन डिस्क आहेत आणि ग्रुप दोन्हींवर पसरला आहे.

आणि एक प्रसंग असा, की काढूच नये. जुन्या होममध्ये विद्यार्थ्यांच्या नोट्स, ग्रामपंचायतीची स्कॅन केलेली कागदपत्रं, लग्नाचे फोटो असं भरलेलं असेल आणि तेवढं साठवायला दुसरी डिस्क नसेल, तर ग्रुप तसाच राहू द्या. इन्स्टॉलरमध्ये स्वतः पार्टिशन ठरवायचा पर्याय घ्या. जुना रूट व्हॉल्यूम फॉरमॅट करून त्यावर नवी सिस्टिम बसवा, बूट पार्टिशनही फॉरमॅट करा, आणि होमला नुसता ‘/होम’ हा माउंट पॉइंट (व्हॉल्यूम जिथे जोडायचा ती जागा) द्या. होमसमोरच्या फॉरमॅटच्या चौकोनात खूण नाही ना, हे पुढे जाण्याआधी पुन्हा पाहा. डेबियन आणि फेडोरा दोन्हींचे इन्स्टॉलर हे काम चांगलं करतात. नवीन वापरकर्त्याचं नाव मात्र जुन्याहून वेगळं ठेवा, नाही तर जुन्या सेटिंगच्या लपलेल्या फाइली नव्या डेस्कटॉपशी भांडतात.

डिस्क ओळखणं

चालू सिस्टिमचा स्वतःचा रूट व्हॉल्यूम तिच्या आतून काढता येत नाही. म्हणून लाइव्ह पेन ड्राइव्हवरून सुरू करा. आयएसओ फाइल तालुक्याला, जिथे नेट बरं चालतं तिथेच उतरवून घ्या आणि चेकसम (फाइल धड उतरली का ते पडताळायचा क्रमांक) तोही तिथेच जुळवा. गावात मोबाइल हॉटस्पॉटवर दोन-तीन जीबी उतरवताना मधेच तुटलेली फाइल दिसायला पूर्ण दिसते, आणि इन्स्टॉल अर्ध्यात अडकलं की दोष डिस्कला दिला जातो.

टर्मिनल उघडा आणि ही आज्ञा द्या:

सुडो एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,एफएसटाइप,मॉडेल,माउंटपॉइंट

पाचशे जीबीच्या डिस्कवर बसवलेल्या सेंटओएस ७ चं चित्र साधारण असं दिसतं. एसडीए ४६५.८ जीआयबी. तिच्यात एसडीए१ हे १ जीआयबीचं, एक्सएफएस या फाइल सिस्टिमचं बूट पार्टिशन. एसडीए२ उरलेलं सगळं, प्रकार ‘एलव्हीएम२_मेंबर’. आणि त्याच्या पोटात सेंटओएस-रूट ५० जीआयबी, सेंटओएस-स्वॅप काही जीआयबी, उरलेलं सेंटओएस-होम. रूटला जास्तीत जास्त ५० आणि बाकी सगळं होमला, ही त्या इन्स्टॉलरची सवयच होती. म्हणून डेटा शोधायचा तर होममध्ये.

ग्रुपच्या नावावरूनही मागचा इतिहास कळतो. ‘सेंटओएस’, ‘आरएचइएल’, ‘अल्मालिनक्स’ ही नावं सरळ आहेत. ‘आरएल’ म्हणजे रॉकी. ‘उबंटू-व्हीजी’ म्हणजे बहुधा उबंटू सर्व्हर. यंत्राच्या नावापुढे ‘-व्हीजी’ असेल तर डेबियन. फेडोरा वर्कस्टेशनने ऑक्टोबर २०२० च्या ३३ व्या आवृत्तीपासून एलव्हीएमऐवजी बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम घेतली, त्यामुळे फेडोराचं एलव्हीएम दिसलं तर ते त्याआधीचं किंवा सर्व्हर आवृत्तीचं असण्याची शक्यता जास्त.

नावातल्या आडव्या रेघेची एक गंमत लक्षात ठेवा. ग्रुपच्या नावात रेघ असेल तर एलएसबीएलके ती दोनदा दाखवतं, कारण एकेरी रेघ ग्रुप आणि व्हॉल्यूम वेगळे करायला राखलेली आहे. तिथे ‘उबंटू--व्हीजी-उबंटू--एलव्ही’ दिसलं तरी आज्ञेत ‘उबंटू-व्हीजी/उबंटू-एलव्ही’ असंच लिहायचं.

आता तिन्ही थर वेगवेगळे पाहा:

सुडो पीव्हीएस
सुडो व्हीजीएस
सुडो एलव्हीएस -ओ +डिव्हायसेस

आज्ञा सापडत नाही असं आलं तर एलव्हीएम२ हे पॅकेज टाकून घ्या. तिसऱ्या आज्ञेचा शेवटचा स्तंभ महत्त्वाचा, कारण कुठला व्हॉल्यूम कुठल्या डिस्कवर बसला आहे ते तो सांगतो. सगळ्यांपुढे एसडीए२ असेल तर काम सोपं. कुठे एसडीबी१ दिसलं, तर थांबा आणि दोन डिस्कांबद्दलचा भाग आधी वाचा.

डिस्कचं नाव पाठ करून ठेवू नका. पेन ड्राइव्ह लावून सुरू केलं की काही यंत्रांवर एसडीए आणि एसडीबी यांची अदलाबदल होते. आकार आणि मॉडेल पाहून ओळखा आणि ते कागदावर लिहा. कागदावरच. स्क्रीनवरचं वर सरकून जातं.

कागदपत्रं वाचवणं

ग्रुप चालू नसेल तर चालू करा आणि होम फक्त वाचण्यापुरतं माउंट करा:

सुडो व्हीजीचेंज -एवाय सेंटओएस
सुडो माउंट -ओ आरओ /डेव्ह/सेंटओएस/होम /एमएनटी

यंत्र अचानक वीज जाऊन बंद पडलेलं असेल तर एक्सएफएस माउंट होताना आधी आपला जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद) पूर्ण करून घेतं. थोडा वेळ लागेल, लागू द्या. मग बाहेरच्या डिस्कवर प्रत काढा. ती डिस्क फॅट३२ असेल तर ४ जीआयबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर बसणार नाही, एक्सफॅट किंवा एनटीएफएस असावी. अशा डिस्कवर मालकी हक्क साठत नाहीत, म्हणून प्रत काढणाऱ्या आरसिंक या आज्ञेला -ए ऐवजी -आरटी द्या, म्हणजे उगाच चुकांची यादी येत नाही.

या टप्प्याला वेळ लागतो, म्हणून तो वीज पाहून करा. लोडशेडिंगचं वेळापत्रक, आभाळ, इन्व्हर्टरची बॅटरी, तिन्ही बघा. जूनमध्ये मृगाचं वारं सुटलं की गावठाणाची लाइन कधी जाईल सांगता येत नाही. पुढच्या आज्ञा, म्हणजे प्रत्यक्ष काढण्याच्या, क्षणात संपतात. त्यांना विजेची भीती कमी. भीती प्रत काढण्याला आणि आकार बदलण्याला.

दोन लहान फाइली आणखी ठेवा. बाहेरची डिस्क ‘/मीडिया/साठा’ इथे लागली आहे असं धरू:

सुडो व्हीजीसीएफजीबॅकअप -एफ /मीडिया/साठा/सेंटओएस.टीएक्सटी सेंटओएस
सुडो एसएफडिस्क -डी /डेव्ह/एसडीए > /मीडिया/साठा/पार्टिशन.टीएक्सटी

पहिलीत एलव्हीएमची पूर्ण मांडणी, दुसरीत पार्टिशन टेबल. दोन्ही मिळून काही केबी. एलव्हीएम स्वतःही प्रत्येक बदलाआधी ‘/इटीसी/एलव्हीएम/आर्काइव्ह’मध्ये प्रत ठेवतं, पण लाइव्ह सिस्टिममध्ये ती जागा रॅममध्ये असते. यंत्र बंद केलं की ती प्रत गेली. परत फिरायची वाट या दोन फाइलींवरच अवलंबून आहे, म्हणून त्या पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवरच हव्या.

पकड सोडवणं

जे माउंट आहे ते उतरवा, स्वॅप बंद करा:

सुडो यूमाउंट /एमएनटी
सुडो स्वॅपऑफ -ए

यूमाउंट म्हणजे अनमाउंटच, पण आज्ञेत पहिला ‘एन’ नाही: यू-माउंट. स्वॅपची पायरी बहुतेक जण विसरतात. काही लाइव्ह सिस्टिम डिस्कवर स्वॅप दिसला की न विचारता तो वापरायला घेतात. मग रूट आणि होम निघतात आणि स्वॅप निघत नाही.

डेस्कटॉपवर फाइलींची खिडकी उघडी असेल तर तीही बंद करा. डिस्क कूटबद्ध असेल, म्हणजे एलएसबीएलकेमध्ये ‘क्रिप्टो_लक्स’ दिसत असेल, तर थर आणखी एक वाढतो. लक्स पार्टिशनच्या आत एलव्हीएम असेल तर आधी एलव्हीएम काढून मग लक्स बंद करायचं. त्यासाठी क्रिप्टसेटअप क्लोज ही आज्ञा, पुढे एलएसबीएलकेमध्ये दिसणारं उघडलेलं नाव. पासवर्डच ठाऊक नसेल तर आतलं काही दिसणार नाही आणि काढण्याचीही गरज नाही. ते पार्टिशन वाइपएफएसने साफ करून उडवलं की झालं. आतला डेटा मात्र पासवर्डवाचून कोणालाच मिळणार नाही, हे मालकाला आधी सांगा.

काढणं

आता मुख्य काम:

सुडो एलव्हीरिमूव्ह सेंटओएस/होम
सुडो एलव्हीरिमूव्ह सेंटओएस/स्वॅप
सुडो एलव्हीरिमूव्ह सेंटओएस/रूट

प्रत्येक वेळी ‘चालू व्हॉल्यूम खरंच काढू का’ असं विचारतं. वाय दाबा. नुसतं ‘एलव्हीरिमूव्ह सेंटओएस’ दिलं तर सगळे व्हॉल्यूम एका मागोमाग विचारून काढता येतात, आणि -वाय जोडलं तर न विचारताही निघतात. मी एकेक करून काढतो. प्रश्न वाचताना नाव डोळ्यांखालून जातं, ती शेवटची तपासणी.

स्नॅपशॉट (व्हॉल्यूमच्या एखाद्या क्षणाच्या प्रती) असतील तर मूळ व्हॉल्यूमसोबत तेही काढू का, असं विचारेल. थिन पूल (अनेक व्हॉल्यूम मिळून वापरतात तो जागेचा सामायिक साठा) असेल तर जपा: पूल काढला की त्यातले सगळे थिन व्हॉल्यूम त्याच्यासोबत जातात.

सुडो व्हीजीरिमूव्ह सेंटओएस
सुडो पीव्हीरिमूव्ह /डेव्ह/एसडीए२

पीव्हीरिमूव्हने लेबल पुसलं जातं. नेटवर या आज्ञेला दोनदा एफ जोडून जबरदस्ती करायचा सल्ला सर्रास मिळतो. तो घेऊ नका. पीव्हीरिमूव्ह नाही म्हणत असेल तर त्याचा अर्थ फिजिकल व्हॉल्यूम अजून कुठल्या तरी ग्रुपमध्ये आहे. तो ग्रुप कोणता ते पीव्हीएसने पाहा आणि आधी तो काढा.

आता पीव्हीएस, व्हीजीएस, एलव्हीएस पुन्हा चालवा. तिन्ही रिकामे आले पाहिजेत. मगच पार्टिशनला हात लावा.

पार्टिशन साफ करणं

वाइपएफएस ही आज्ञा -ए न देता चालवली तर फक्त दाखवते, पुसत नाही. आधी तसंच पाहा:

सुडो वाइपएफएस /डेव्ह/एसडीए२

काही उरलेलं दिसलं तर -ए देऊन पुसा. पण ‘/डेव्ह/एसडीए२’ आणि ‘/डेव्ह/एसडीए’ यांत शेवटच्या एका आकड्याचा फरक आहे. आकडा गळला तर पार्टिशन टेबलच पुसलं जाईल आणि शेजारचं विंडोजही त्यासोबत. अख्खी डिस्क साफ करायचीच असेल तेव्हा आधी प्रत्येक पार्टिशनवर आणि शेवटी डिस्कवर चालवा, कारण डिस्कवर चालवलेली वाइपएफएस पार्टिशनच्या आतल्या खुणा शोधत नाही. त्या तशाच राहतात आणि नवी पार्टिशनं त्याच जागी सुरू झाली की पुन्हा वर येतात.

मग जीपार्टेड उघडा, एसडीए२ आणि लागत नसेल तर एसडीए१ डिलीट करा आणि लागू करा ही खूण दाबा. टर्मिनलच हवं असेल तर एफडिस्कमध्ये डी, आकडा, डब्ल्यू. डब्ल्यू दाबेपर्यंत डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही, त्याआधी क्यू दाबून बाहेर पडता येतं. शेवटी:

सुडो पार्टप्रोब /डेव्ह/एसडीए

यामुळे कर्नल नवं टेबल वाचतो. तरीही जुनंच दिसत राहिलं तर यंत्र पुन्हा सुरू करा, त्यात कमीपणा नाही.

डिस्कवर विंडोज असेल तर ईएफआय सिस्टिम पार्टिशन ओळखून ठेवा. ते लहान असतं, शंभर-दोनशे ते पाचशे-सहाशे एमबीचं, फॅट३२ प्रकारचं. विंडोज आणि लिनक्स दोन्हींचे बूटलोडर त्यात शेजारी शेजारी असतात. ते डिलीटही करायचं नाही आणि फॉरमॅटही नाही. विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट एलव्हीएमच्या पार्टिशनला नुसतं अनोळखी पार्टिशन म्हणून दाखवतं, त्यामुळे तिथून काही उडवायला जाऊ नका. ग्रुपमधून नीट काढूनच पुढे या.

नुसता लॉजिकल व्हॉल्यूम काढून थांबलात तर सुटलेली जागा ग्रुपच्या आतच मोकळी राहते. ती पार्टिशन मागणाऱ्या इन्स्टॉलरला दिसत नाही. ‘म्या तं होम काढलं, तरी जागा शून्यच’ ही तक्रार येते ती इथून. होम ठेवून बाकीची जागा ग्रुपबाहेर आणता येते, पण त्यासाठी पीव्हीमूव्हने एक्स्टेंट सुरुवातीकडे सरकवायचे, पीव्हीरिसाइझने फिजिकल व्हॉल्यूम आखडायचा आणि मग पार्टिशन तेवढंच लहान करायचं. होमच आखडायचं म्हणाल तर एक्सएफएस लहान करताच येत नाही, ईएक्सटी४ उतरवून ठेवलं तरच करता येतं. एवढा खटाटोप करण्यापेक्षा एक बाहेरची डिस्क उसनी आणून प्रत काढणं स्वस्त पडतं.

अडलं तर

‘व्हॉल्यूममधली फाइल सिस्टिम वापरात आहे’ असा निरोप आला तर ते कुठे तरी माउंट आहे. फाइंडएमएनटीने जागा शोधा, एलएसओएफने कोणता प्रोग्राम धरून बसला आहे ते पाहा. टर्मिनलच त्या फोल्डरमध्ये उभं असणं हे फार नेहमीचं कारण, नुसतं ‘सीडी’ देऊन बाहेर या.

जीपार्टेडमधलं कुलूप सुटत नसेल तर ग्रुप थांबवा:

सुडो व्हीजीचेंज -एएन सेंटओएस

तरीही मॅपिंग अडकून राहिलं तर डीएमसेटअप एलएसने यादी पाहा आणि डीएमसेटअप रिमूव्हने ते एक नाव काढा. ही आज्ञा डिस्कवरचं काही पुसत नाही, फक्त कर्नलमधली जोडणी तोडते.

एलएसबीएलकेमध्ये ‘एलव्हीएम२_मेंबर’ दिसतं पण पीव्हीएस कोरं, हा प्रकार जुनी डिस्क काढून दुसऱ्या चालू यंत्राला लावली की घडतो. नव्या रेड हॅट परिवारात आणि फेडोरात एलव्हीएम फक्त आपल्या नोंदवहीतल्या डिस्काच पाहतं. ती नोंदवही म्हणजे ‘/इटीसी/एलव्हीएम/डिव्हायसेस’मधली सिस्टिम.डिव्हायसेस ही फाइल. एलव्हीएमडिव्हायसेस या आज्ञेला --अॅडडेव्ह आणि पार्टिशनचं नाव दिलं की ती दिसू लागते.

एकाच नावाचे दोन ग्रुप झाले, म्हणजे दोन जुन्या डिस्का आणि दोन्हींवर ‘सेंटओएस’, तर नावाने काढायला जाऊच नका. व्हीजीएस -ओ +व्हीजी_यूयूआयडी देऊन लांब ओळखक्रमांक पाहा, व्हीजीरिनेमला तो क्रमांक आणि नवं नाव द्या, आणि मग नव्या नावाने काम करा.

दोन डिस्का, एक ग्रुप

जुन्या कार्यालयात डिस्क भरली की कोणी तरी दुसरी जोडून ग्रुप वाढवलेला असतो. अशा वेळी एका डिस्कवर नवं लिनक्स आणि दुसरीवरचा डेटा तसाच, असं हवं असेल तर आधी दुसरीवर पुरेशी मोकळी जागा आहे का पाहा. असेल तर पहिलीवरचे एक्स्टेंट तिकडे सरकवा आणि मग पहिली ग्रुपमधून सोडवा:

सुडो पीव्हीमूव्ह /डेव्ह/एसडीए२
सुडो व्हीजीरिड्यूस सेंटओएस /डेव्ह/एसडीए२
सुडो पीव्हीरिमूव्ह /डेव्ह/एसडीए२

पीव्हीमूव्ह मोठ्या डिस्कवर तासन्‌तास चालते. मधेच वीज गेली तर घाबरू नका, ती टप्प्याटप्प्याने नोंद करत जाते. यंत्र सुरू झालं की पुढे काहीही न लिहिता नुसती पीव्हीमूव्ह दिली की ती उरलेलं काम उचलते.

एक डिस्क आधीच काढून नेलेली असेल तर ग्रुप अर्धवट दिसेल आणि इशारे येतील. उरलेल्यावर काही ठेवायचं नसेल तर व्हीजीरिड्यूसला --रिमूव्हमिसिंग आणि --फोर्स देऊन हरवलेला भाग काढा, त्यावरचे व्हॉल्यूमही त्यासोबत जातील. मग नेहमीच्या क्रमाने बाकीचं. ठेवायचं काही असेल तर आधी गेलेली डिस्क शोधा.

चुकीचं काढलं गेलं तर

हात थांबवा. नवं पार्टिशन करू नका, फॉरमॅट करू नका. एलव्हीरिमूव्ह फक्त नोंद काढते, आतला डेटा सहसा जागेवरच असतो. व्हीजीसीएफजीबॅकअपने ठेवलेली फाइल आता कामाला येते:

सुडो व्हीजीसीएफजीरिस्टोर -एफ /मीडिया/साठा/सेंटओएस.टीएक्सटी सेंटओएस
सुडो व्हीजीचेंज -एवाय सेंटओएस

पीव्हीरिमूव्हही होऊन गेलं असेल तर त्याआधी पीव्हीक्रिएटला --यूयूआयडी आणि --रिस्टोरफाइल देऊन जुन्याच ओळखक्रमांकाने फिजिकल व्हॉल्यूम उभा करावा लागतो. तो क्रमांक त्याच मजकूर फाइलमध्ये असतो. पार्टिशनही गेलं असेल तर एसएफडिस्कच्या फाइलमधून ते नेमक्या त्याच सेक्टरपासून आधी परत आणायचं. एसएसडीवर एलव्हीएमच्या सेटिंगमध्ये इश्यू_डिस्कार्ड्स चालू केलेलं असेल तर मात्र व्हॉल्यूम काढताक्षणी डिस्कला ती जागा सोडायला सांगितलं जातं आणि मग परतीची वाट नाही. मुळात ते बंद असतं.

चालू सिस्टिममधून शेजारचे व्हॉल्यूम काढताना

एकाच ग्रुपमध्ये दोन लिनक्स होते आणि त्यातलं एक चालू ठेवून दुसऱ्याचे व्हॉल्यूम काढले, तर राहिलेल्या सिस्टिममध्ये तीन ठिकाणी पाहा. सुरू होताना काय माउंट करायचं त्याची यादी असलेल्या ‘/इटीसी/एफएसटॅब’मध्ये काढलेल्या व्हॉल्यूमची ओळ राहिली तर सुरू होताना दीड मिनिट वाट पाहून यंत्र आपत्कालीन शेलमध्ये उतरतं. रेड हॅट परिवारात ग्रब या बूटलोडरच्या ओळीत आरडी.एलव्हीएम.एलव्ही असं लिहून व्हॉल्यूमची नावं दिलेली असतात. सामायिक स्वॅप काढला असेल तर तिथलं नाव आणि रिझ्यूमचा (झोपवलेलं यंत्र स्वॅपमधून उठवायच्या सेटिंगचा) उल्लेख दोन्ही काढा. डेबियन आणि उबंटूत ‘/इटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/कॉन्फ.डी’मधली रिझ्यूम ही फाइल पाहा आणि बदलून अपडेट-इनिटरॅमएफएस -यू चालवा.

नवं लिनक्स बसल्यावर यूईएफआय यंत्रात जुन्याचं नाव बूटच्या यादीत राहिलेलं दिसेल. ईएफआयबूटएमजीआर नुसतं चालवलं की यादी येते, प्रत्येकापुढे चार आकडी क्रमांक असतो. जुन्याचा क्रमांक ०००३ असेल तर:

सुडो ईएफआयबूटएमजीआर -बी ०००३ -बी

यातला पहिला बी लहान आणि दुसरा मोठा. ‘विंडोज बूट मॅनेजर’ या ओळीला हात लावू नका.